दूरचं युद्ध, शिरोलीची भट्टी

(उद्योजकांसाठीच्या वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी तांबड्या समुद्रात हेलिकॉप्टरमधून उतरलेल्या येमेनच्या हूथी बंडखोरांनी ‘गॅलॅक्सी लीडर’ हे जहाज ताब्यात घेतलं. मोटारी वाहून नेणारं ते जहाज तुर्कस्तानातून निघालं होतं आणि गुजरातमधल्या पिपावाव बंदराकडं येत होतं. त्यावरचे पंचवीस खलाशी पुढं चौदा महिने अडकून पडले. त्यांची सुटका जानेवारी २०२५ मध्ये झाली. त्यांच्यात भारतीय कुणी नव्हतं, त्यामुळं आपल्या वर्तमानपत्रांत ही बातमी दोन दिवसांत मागं पडली. न्हावा-शेव्यातून युरोपला माल धाडणाऱ्यांच्या कार्यालयांत मात्र ती ठाण मांडून बसली.

अशा हल्ल्यांच्या धास्तीनं डिसेंबरच्या मध्यापर्यंत मर्स्क, हापाग-लॉइड, एमएससी, सीएमए सीजीएम या बड्या जहाज कंपन्यांनी सुएझ कालव्याकडं पाठ फिरवली आणि आफ्रिकेला वळसा घालून जायला सुरुवात केली. मुंबई ते रॉटरडॅम हे अंतर सुएझमार्गे साडेसहा हजार सागरी मैलांच्या आत बसतं. केप ऑफ गुड होपच्या वळशानं ते दहा हजारांच्या पुढं जातं. प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. जे जहाजमालक तांबड्या समुद्रातूनच जायला तयार होते, त्यांच्यासाठी युद्धजोखमीचा विमा जहाजाच्या किमतीच्या ०.०५ टक्क्याच्या आसपास होता, तो ०.७ ते १ टक्क्यापर्यंत चढला. शंभर कोटींचं जहाज असेल तर एका फेरीला सत्तर लाख ते एक कोटी रुपये नुसत्या विम्याचे.

आता हे शिरोलीत आणून पाहू. पुणे-बंगळूर महामार्गालगतची शिरोली औद्योगिक वसाहत, पलीकडं गोकुळ शिरगाव, त्यापुढं कागल-हातकणंगले. कोल्हापूर परिसरात मिळून सुमारे तीनशे फाउंड्री आहेत. ट्रॅक्टर, ट्रक, डिझेल इंजिन, पंप, व्हॉल्व्ह यांची कास्टिंग्ज इथं ओतली जातात आणि त्यातला काही माल थेट युरोप-अमेरिकेला जातो. समजा, एखाद्याचा महिन्याला एक कंटेनर जर्मनीला जातो. माल पोचल्यापासून साठ दिवसांनी पैसे, असा करार आहे. जहाज दोन आठवडे उशिरा पोचलं, की पैसेही दोन आठवडे उशिरा. मधल्या काळात कामगारांचा पगार थांबत नाही, महावितरणचं बिल थांबत नाही आणि बँकेच्या कॅश क्रेडिटचं व्याज रोज रात्री बाराला पुढं सरकतं. विक्रीचा भाव ‘पोहोच’ धरून, म्हणजे सीआयएफ ठरलेला असेल, तर कंटेनरच्या वाढलेल्या भाड्याचा भुर्दंडही त्याचाच. शिवाय युरोपातला ग्राहक सांगतो, की यापुढं आमच्या गोदामात महिन्याभराचा जादा साठा ठेवा, आम्ही वापरू तसे पैसे देऊ. म्हणजे आणखी एक महिन्याचा माल ओतायचा, पण त्याचं बिल करायचं नाही.

एक गोळी न लागता, एक कास्टिंग न फुटता, पुरात एक साचा न भिजता हा माणूस आतबट्ट्यात येतो. त्याच्या ताळेबंदात ‘युद्ध’ नावाचा रकाना नसतो. व्याजाचा, भाड्याचा, येणं बाकीचा असे वेगवेगळे रकाने असतात आणि युद्धाचा खर्च त्या सगळ्यांत थोडा थोडा विखुरलेला असतो. जगातल्या संघर्षांनी कच्चा माल महागतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या महागाईचा हिशेब शेवटी कुणाच्या वहीत चुकता होतो, हा प्रश्न फार कमी वेळा विचारला जातो. त्याचं उत्तर जवळजवळ प्रत्येक वेळी एकच येतं: साखळीतल्या सगळ्यात लहान कारखानदाराच्या. आजच्या व्याख्यानाचा विषय तो आहे.

ज्या पिढीच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, तिला हे शिकवावं लागलं नसतं. तिच्याही आधीची एक गोष्ट मुंबईची आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. इंग्लंडची नजर वऱ्हाड, खानदेश आणि गुजरातच्या कापसाकडं वळली. मुंबईत पैशाचा पूर आला. बॅक बे रेक्लमेशन कंपनीच्या पाच हजारांच्या शेअरला पन्नास हजारांचा भाव आला. ही कहाणी सांगताना सट्टेबाजांचीच नावं घेतली जातात. त्याच मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये पहिली कापडगिरणी स्थापन केली होती आणि तिच्या मागोमाग आणखी काही गिरण्या उभ्या राहत होत्या, हे त्यात विसरलं जातं. दारातला कापूस बोटीवर चढत होता आणि गिरणीला तो युद्धाच्या भावानं घ्यावा लागत होता. गावोगावच्या हातमागवाल्याला तर सूतच परवडेना. १८६५ च्या एप्रिलमध्ये तिकडं दक्षिणेची शरणागती झाली, कापूस कोसळला आणि १ जुलैला मुंबईच्या बाजारात देणीघेणी पुरी करायची वेळ आली तेव्हा पेढ्या धडाधड बुडाल्या. युद्धानं भाव चढवताना विणकर मेला आणि उतरवताना व्यापारी.

पहिल्या महायुद्धात प्रश्न उलटा होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळावर कारखाना काढला आणि लोखंडी नांगर बनवायला घेतले. नांगराचं ओतीव लोखंड, भट्टीचा कोळसा, रंग यांतलं बरंच काही बाहेरून यायचं. युद्ध सुरू झालं आणि सगळं एकामागून एक आटलं. त्या वेळी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावर पडून असलेल्या जुन्या निकामी तोफा किर्लोस्करांना दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले. शाळेच्या पुस्तकाला शोभावी अशी ही गोष्ट आहे आणि ती बऱ्याचदा तशाच सुरात सांगितली जाते. कारखानदारानं मात्र तिच्याकडं वेगळ्या नजरेनं पाहावं. किर्लोस्कर त्या काळात तरले ते केवळ जिद्दीवर नाही. लोखंडाचा एक साठा पन्नास-साठ मैलांच्या परिसरात होता. तो मोकळा करण्याचा अधिकार असलेला राजा ऐकून घेणारा होता. औंधच्या राजांनी जागा आणि भांडवलाला हात दिलेला होता. नांगराचा ग्राहक शेतकरी होता, आणि तो लंडनच्या भावाकडं बघून नांगर घेत नव्हता. यांतलं एक जरी नसतं, तरी नुसत्या जिद्दीनं भट्टी पेटली नसती.

कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी १९१६ मध्ये काचकारखाना सुरू केला, तोही याच युद्धाच्या ऐन मध्यावर. ऑस्ट्रिया-जर्मनीकडून येणारी काच बंद झाली होती आणि कंदिलाच्या चिमण्यांना बाजार होता. पुढं त्याच ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघर गेला. हे उदाहरण देताना एक सावधगिरी हवी. युद्धानं आयात अडली म्हणून देशी कारखाने निघाले, हे खरं. पण युद्ध संपल्यावर परदेशी माल बोटी भरभरून परत आला आणि त्यात कितीतरी नवे कारखाने गुदमरले, हेही तितकंच खरं. ‘संकट ही संधी असते’ असं व्यासपीठावरून सांगणाऱ्यांनी १९२० नंतरची ती वर्षं एकदा तपासून पाहावीत. चार वर्षांचं युद्ध गृहीत धरून कुणी भट्टी बांधली आणि शांतता झाली, तर त्या भट्टीचं कर्ज शांततेतही फेडावंच लागतं.

दुसऱ्या महायुद्धात विलायती ऑइल इंजिनं येईनाशी झाली तेव्हा कोल्हापूरच्या मिस्त्रींनी ती उघडून, मापं घेऊन स्वतः बनवली. तिथल्या उद्यमनगरातल्या इंजिन उद्योगाचा पाया त्यातून घातला गेला. तिथंही विहिरीवर बसवायला इंजिन मागणारा ऊसकरी शेतकरी वीस-तीस मैलांच्या आतच होता.

आज चित्र कसं बदललं आहे, ते २०२२ च्या फेब्रुवारीत दिसलं. रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये शिरलं आणि तीनच आठवड्यांत शिरोलीच्या फाउंड्रीवाल्याला पिग आयर्नचा भाव रोज सकाळी फोन करून विचारावा लागू लागला. वास्तविक तो पिग आयर्न युक्रेनमधून घेत नव्हता. तो घेत होता गोव्यातून. डिचोली तालुक्यातल्या आमोण्याच्या झोतभट्ट्यांतून निघालेले पिगचे ठोकळे ट्रकनं घाट चढून कोल्हापूर आणि बेळगावला येतात. ही वाट जुनी आहे. मग युक्रेनचा संबंध काय?

संबंध दोन ठिकाणी आहे. जगाच्या बाजारात विकायला येणाऱ्या पिग आयर्नपैकी निम्म्याहून अधिक रशिया आणि युक्रेन मिळून पुरवत होते. ते अडलं तसे अमेरिका-युरोपचे खरेदीदार ब्राझील आणि भारताकडं वळले. निर्यातीचा भाव चांगला मिळू लागला, की देशातला भाव त्याच्या मागोमाग जातो. दुसरा धागा कोळशाचा. झोतभट्टीला कोक लागतो, कोकला कोकिंग कोळसा, आणि भारत आपल्या गरजेच्या जवळपास ८५ टक्के कोकिंग कोळसा बाहेरून आणतो, त्यातला मोठा भाग ऑस्ट्रेलियातून. रशियाचा कोळसा टाळणारे युरोप आणि आशियाचे ग्राहक ऑस्ट्रेलियाच्या दारात उभे राहिले आणि मार्च २०२२ मध्ये तिथल्या उत्तम प्रतीच्या कोकिंग कोळशाचा भाव टनाला ६०० डॉलरच्या वर गेला. हा कोळसा मुरगाव बंदरात उतरतो. त्याच्या धुळीविरुद्ध वास्कोचे लोक वर्षानुवर्षं तक्रार करत आले आहेत. त्यांच्या घरांच्या खिडक्यांवर बसणारी काजळी आणि कोल्हापूरच्या कास्टिंगचा भाव एकाच जहाजातून येतात. क्वीन्सलँडची खाण, मुरगावचा धक्का, आमोण्याची भट्टी, शिरोलीचा लाडल (रस ओतायचं भांडं): यांपैकी कुठंही युद्ध नव्हतं. तरी प्रत्येक टप्प्यावर त्याचा कर भरला गेला.

स्क्रॅपचीही तीच कथा. शिरोलीच्या इंडक्शन भट्ट्यांना लागणारं चांगलं स्क्रॅप, ज्याला बाजारात सीआरसीए म्हणतात, ते चाकण-भोसरीच्या प्रेस शॉपमधून येतं. मोटारींचे पत्रे कापताना उरलेल्या कडा गठ्ठे बांधून इकडं येतात. मोटारींचं उत्पादन मंदावलं, की या कडाही कमी पडतात. म्हणजे एखादी चिप आली नाही म्हणून चाकणची लाइन थांबली, तर फाउंड्रीवाल्याला एकाच वेळी दोन फटके बसतात. त्याच्या कास्टिंगची मागणी घटते आणि त्याचं स्क्रॅप महागतं.

२१ मे २०२२ च्या रात्री केंद्र सरकारनं निर्यातशुल्क जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवसापासून ते लागू झालं. पिग आयर्न आणि पोलादाच्या अनेक प्रकारांवर १५ टक्के, लोहखनिजावर ५० टक्के. पुढच्या महिन्यांत भाव उतरले. जगभर मागणी मंदावली होती, तिचाही त्यात वाटा होता. १९ नोव्हेंबरला शुल्क मागं घेतलं गेलं. फाउंड्रीवाल्यांना या सहा महिन्यांत दिलासा मिळाला, यात शंका नाही. पण ज्यानं एप्रिलमध्ये चढ्या भावात महिन्याभराचा साठा भरून ठेवला होता, त्याच्या हातात महाग माल राहिला आणि ग्राहक मात्र जूनपासून ‘भाव उतरलेत, दर कमी करा’ म्हणू लागला. भाव चढताना तीन महिने थांबायचं आणि उतरताना तीन दिवसही नाही, हा खरेदी विभागांचा रिवाज लहान कारखानदारांच्या अंगवळणी पडला आहे. तो पडायला नको होता.

या रिवाजाचा हिशेब कागदावर मांडला, की त्याचं वजन कळतं. समजा, एखादी मध्यम फाउंड्री महिन्याला २०० टन ओतकाम करते. धातूचा खर्च किलोमागे ८ रुपयांनी वाढला. म्हणजे महिन्याला १६ लाख. मोठ्या वाहन कंपन्यांशी होणाऱ्या करारांत धातूचा दर बहुधा तिमाहीनं पाहतात. तोवर तीन महिन्यांचे ४८ लाख फाउंड्रीवाल्यानं स्वतःच्या खिशातून घालायचे. नंतर वाढ मंजूर झाली आणि मागील तारखेपासून दिली, तरी तिचे पैसे नेहमीच्या उधारीनंच येणार. त्यातही सूत्रात धरलेलं असतं पिग आणि स्क्रॅप. फेरोसिलिकॉन, रेझिन, कार्ब्युरायझर, वीज, ट्रकभाडं यांची वाढ बऱ्याचदा सूत्राबाहेर राहते. कोअर बनवायच्या फ्युरान रेझिनसाठी लागणारं फर्फ्युरिल अल्कोहोल मोठ्या प्रमाणावर चीनमधून येतं. फिनॉलिक रेझिनचा भाव खनिज तेलाच्या मागं धावतो. तेल भडकलं, की कोअर शॉपचा खर्च वाढतो, आणि तो कुणी विचारायला येत नाही.

फाउंड्रीवालाही हा सगळा भार एकटा उचलत नाही, हेही सांगितलं पाहिजे. तो आपल्या खाली ढकलतो. फेटलिंग करणारा ठेकेदार, दोन सीएनसी घेऊन मशीनिंगचं जॉबवर्क करणारा तरुण, पॅटर्न बनवणारा सुतार यांचे पैसे लांबतात. त्या तरुणानं मशीन कर्जावर घेतलेली असते आणि हप्ता पाच तारखेला जातो. युक्रेनमधल्या मारिउपोल शहराच्या वेढ्याची किंमत चुकवणारा शेवटचा माणूस तो. त्याच्या खाली ढकलायला कुणी उरत नाही.

मारिउपोलवरून आठवतं, की या साखळीचे काही दुवे इतके बारीक असतात की तुटेपर्यंत ते आहेत हेच कळत नाही. चिप बनवताना सिलिकॉनवर नक्षी उमटवणाऱ्या लेझरच्या वायुमिश्रणात बहुतांश निऑन असतो. पोलाद कारखान्यांत हवेतून ऑक्सिजन वेगळा काढताना हा निऑन जोडीनं मिळतो. सोव्हिएत काळापासून रशियातल्या पोलाद कारखान्यांतला कच्चा निऑन युक्रेनमध्ये शुद्ध होत असे. मारिउपोलची इंगास आणि ओदेसाची क्रायोइन या दोन कंपन्या मिळून जगाला लागणाऱ्या चिप-प्रतीच्या निऑनपैकी जवळपास निम्मा पुरवत. मार्च २०२२ मध्ये दोन्ही बंद पडल्या. आणि तरीही चिपचे कारखाने त्यापायी थांबले नाहीत. कारण २०१४ मध्ये रशियानं क्रिमिया घेतला तेव्हा निऑनचा भाव कित्येक पटींनी उसळला होता, तेव्हाच मोठ्या चिप कंपन्यांनी साठा वाढवला, दुसरे पुरवठादार शोधले, वापरलेला वायू पुन्हा शुद्ध करायची सोय केली. आठ वर्षांपूर्वीचा चटका त्यांनी लक्षात ठेवला होता आणि लक्षात ठेवण्यासाठी लागणारा पैसाही त्यांच्याकडं होता.

वायरिंग हार्नेसच्या बाबतीत असं झालं नाही. मोटारीतल्या तारांचा हा जुडगा प्रत्येक मॉडेलसाठी वेगळा असतो, हातानं बांधला जातो आणि साठवून ठेवत नाहीत. लिओनी या जर्मन कंपनीचे पश्चिम युक्रेनमधले कारखाने थांबले आणि मार्चच्या सुरुवातीला फोक्सवागन, बीएमडब्ल्यू यांच्या काही लाइन्स बंद पडल्या. अशा वेळी त्या मोटारीसाठी ब्रॅकेट किंवा हाउसिंग पुरवणाऱ्या भारतीय कारखान्याचा माल तयार असतो, चोख असतो, वेळेवर असतो. तरी शेड्यूल पुढं ढकलल्याचा मेल येतो. दोष कुणाचाच नाही आणि माल गोदामात.

याच प्रकारचा एक दुवा फाउंड्रीच्या आतच आहे. एसजी आयर्न, म्हणजे लवचीक ओतीव लोखंड ओतताना लाडलच्या तळाशी नोड्युलरायझरचे खडे ठेवतात आणि त्यावर भट्टीतला रस सोडतात. पांढराशुभ्र झोत उठतो, डोळे दिपतात, धूर छतापर्यंत जातो. मॅग्नेशियम पेटलेलं असतं. तिथून पुढं घड्याळ सुरू होतं. आठ-दहा मिनिटांत सगळे साचे भरले नाहीत तर मॅग्नेशियमचा परिणाम ओसरतो, ग्रॅफाइटचे गोळे नीट बनत नाहीत आणि कास्टिंग भंगारात जातं. टनाला पंधरा किलोच्या आसपास लागणाऱ्या या खड्यांत लोखंड, सिलिकॉन, मॅग्नेशियम आणि थोडं सेरियम-लँथेनम असतं. सेरियम-लँथेनम ही दुर्मीळ मृदा मूलद्रव्यं. सप्टेंबर २०१० मध्ये पूर्व चिनी समुद्रातल्या बेटांजवळ एका चिनी मासेमारी बोटीची जपानी तटरक्षक नौकांशी टक्कर झाली. वाद चिघळला, चीननं दुर्मीळ मृदांची निर्यात आवळली आणि पुढच्या वर्षात त्यांचे भाव आकाशाला भिडले. त्याची झळ जगभरच्या फाउंड्रींना लागली. पण त्यातूनच ही मूलद्रव्यं कमी असलेले किंवा मुळीच नसलेले नोड्युलरायझर बाजारात आले. ज्या फाउंड्रीत धातुशास्त्र जाणणारा माणूस होता, धातूचं मिश्रण तपासणारा स्पेक्ट्रो होता, चाचणीच्या चार हीट (भट्टीच्या खेपा) वाया घालवायची ऐपत होती, तिनं बदल केला. बाकीच्यांनी वाढीव भाव दिला.

४ एप्रिल २०२५ रोजी चीननं पुन्हा तोच खटका दाबला. अमेरिकेशी आयातशुल्काची लढाई चालू होती. उत्तर म्हणून समेरियम, टर्बियम, डिस्प्रोशियमसह सात मध्यम आणि जड दुर्मीळ मृदा आणि त्यांच्यापासून बनलेली चुंबकं यांच्या निर्यातीला परवाना लागू केला. सेरियम या यादीत नव्हतं, त्यामुळं फाउंड्री या वेळी वाचल्या. घाव बसला विजेच्या दुचाकींवर. त्यांच्या मोटरला लागणारी चुंबकं जवळजवळ सगळी चीनमधून येतात. ऑगस्टमध्ये विजेच्या स्कूटरचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं, असा इशारा बजाज ऑटोचे राजीव बजाज यांनी जुलैमध्ये जाहीरपणे दिला. नंतर काही पुरवठा आला आणि काम पुढं चाललं. कंपनीचा इशारा वर्तमानपत्रात आला, तिच्यासाठी स्कूटरचे सुटे भाग बनवणाऱ्या आकुर्डी-चाकणच्या लहान शेड्समध्ये काय चाललं होतं, ते कुणी छापलं नाही. तिथं जुलै महिन्यात पुढच्या महिन्याची ऑर्डर हातात नव्हती, इतकं समजायला मोठी कल्पनाशक्ती लागत नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रानं देशात वर्षाला ६,००० टन चुंबकं बनवण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. ती आवश्यकच आहे. मात्र किर्लोस्कर आणि ओगले यांच्या काळाकडं पाहिलं, तर तिच्यापुढची खरी परीक्षा दिसते. चीननं उद्या परवाने सैल केले आणि स्वस्त चुंबकं पुन्हा यायला लागली, तर देशी चुंबक दोन पैसे महाग असताना ते घेणारा ग्राहक टिकेल का? वाहन कंपन्यांनी काही वर्षांच्या खरेदीचा शब्द आताच लेखी द्यायला हवा, नाहीतर १९२० नंतरचा इतिहास पुन्हा घडेल.

लहान कारखानदाराच्या हातात यातलं काय आहे, हा प्रश्न सभागृहातले अनेक जण मनात धरून बसले असतील. युद्ध थांबवणं त्याच्या हातात नाही. साठा वाढवा, हा सल्ला त्याला सगळेच देतात; साठा म्हणजे पैसा, आणि पैसा तर ग्राहकाकडं अडकलेला. त्यामुळं सुरुवात पैशापासूनच करावी लागते.

कायदा त्याच्या बाजूचा आहे. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकर कायद्यात ४३बी (एच) हे कलम आलं. त्यानुसार मुदतीत न दिलेली रक्कम ग्राहक कंपनीला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही. उधारीची बिलं वटवणाऱ्या ट्रेड्स मंचावर २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना नोंदणी सक्तीची झाली आहे. तरतुदी चांगल्या आहेत. अडचण अशी, की ज्याच्या एका ग्राहकाकडून साठ-सत्तर टक्के काम येतं, तो त्या ग्राहकाविरुद्ध थकबाकीच्या तक्रारींसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकत नाही. उद्या काम दुसऱ्याकडं जाईल, ही भीती त्याला कायद्यापेक्षा जवळची आहे. आणि ती अनाठायी नाही. म्हणून तक्रार एकट्यानं करायची वेळच येऊ नये, अशी व्यवस्था संघटनांनी उभी करायला हवी. थकबाकीदारांची यादी संघटनेच्या नावानं दर तिमाहीला प्रसिद्ध झाली, तर कुणा एका पुरवठादाराचं नाव पुढं येत नाही.

दुसरं, एकत्र खरेदी आणि एकत्र साठा. कोल्हापूरच्या फाउंड्री क्लस्टरमध्ये वापरलेली वाळू पुन्हा वापरण्याजोगी करण्याचा सामाईक प्रकल्प उभा राहिला, तेव्हा एकट्या फाउंड्रीला न पेलणारी यंत्रणा अनेकांनी मिळून पेलता येते, हे दिसलं. तेच पिग, फेरो अलॉय आणि रेझिनच्या बाबतीत का होऊ नये? दहा जणांनी मिळून दोन महिन्यांचं नोड्युलरायझर ठेवायला फार मोठं गोदाम लागत नाही. एकेकट्याला ते व्याजानं खातं. पर्यायी मालाच्या चाचण्याही अशाच सामाईक व्हाव्यात. एका फाउंड्रीनं वाया घालवलेल्या चार हीटचा निष्कर्ष बाकीच्या नऊ जणांना मिळाला, तर पुढच्या खेपेला चीननं काय बंद केलं याची बातमी वाचून सगळ्यांनी एकदम धावाधाव करायची गरज राहणार नाही. स्पर्धक एकमेकांना रेसिपी सांगत नाहीत, हे मान्य. पण टंचाईच्या काळात काय चाललं नाही, एवढं तरी सांगता येतं.

आणि सर्वांत निकडीचं काम कराराचं आहे. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी आणि बेळगावच्या उद्योजक संघटनांनी वकील आणि चार्टर्ड अकाउंटंट बसवून एक नमुना करार तयार करावा. त्यात धातूबरोबर रेझिन, फेरो अलॉय, वीज आणि भाडं धरणारं दरसूत्र असावं. दराचा आढावा तिमाहीऐवजी महिन्याला व्हावा आणि चढाला जी मुदत तीच उताराला. निर्यातीत युद्धजोखमीचा अधिभार कुणी द्यायचा ते स्पष्ट लिहिलेलं असावं. ग्राहकानं शेड्यूल ऐन वेळी ढकललं, तर तयार मालाचे पैसे ठरलेल्या तारखेलाच मिळावेत. मोठ्या कंपन्यांच्या खरेदी विभागांना हे आवडणार नाही. त्यांनाही वरून दरवर्षी दर कमी करून आणण्याचं लक्ष्य दिलेलं असतं. पण त्यातल्या जाणत्यांना हे कळतं, की ४८ लाखांच्या ओझ्याखाली बंद पडलेल्या फाउंड्रीच्या जागी दुसरी उभी करून, तिचे पॅटर्न, तिचे नमुने, तिची मंजुरी घेईपर्यंत वर्ष जातं. पुढच्या आर्थिक वर्षाच्या दरबोलण्या जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होतील. त्याआधी हा करार संघटनेच्या शिक्क्यानिशी टेबलावर असायला हवा.